एका पाकिटाला एक लिटर

जुलाब-उलट्यांवरचा लेख फराळाच्या दिवसांत कोण वाचणार, असं मी दिवाळी अंकाच्या संपादकबाईंना फोनवर विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही लिहा हो सिस्टर. घरोघरी होतंच ते, फक्त कुणी बोलत नाही." म्हणून लिहायला बसले. ज्यांच्या हातात चकली असेल त्यांनी ती आधी संपवावी.

मी दिघ्यात एका संस्थेच्या दवाखान्यात नर्स होते. दवाखाना दोन खोल्यांचा. एका खोलीत डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे, दुसरीत मी सहाही दिवस असायचे. मागे डोंगराच्या उतारावर एकाला एक खेटून चढत गेलेली घरं, खाली रस्त्यापलीकडे कारखाने. त्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी माणसं, त्यांच्या बायका, त्यांची लेकरं हे आमचे पेशंट. सत्तावीस वर्षांत मी भाजलेली माणसं पाहिली, बोट कापलेली पाहिली, साप चावलेली पाहिली. पण माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आले ते जुलाब. दिवाळी संपून थंडी पडू लागली की लाट यायची. दोन वर्षांच्या आतली मुलं, आईच्या खांद्यावर मान टाकलेली. आधी उलट्या, मग ताप, मग पाण्यासारखे जुलाब, दिवसाला दहा-पंधरा.

"दात येतायत," आया म्हणायच्या.

"दात उन्हाळ्यातपण येतात ना गं," मी म्हणायचे. त्यांना ते पटायचं नाही.

हे काम रोटा नावाच्या विषाणूचं. सूक्ष्मदर्शकातून तो गाडीच्या चाकासारखा दिसतो, म्हणून हे नाव, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तो कधी पाहिला नाही. आमच्याकडे तपासणीची सोय नव्हती. मी पाहिलं ते त्यानं केलेलं काम. मुलाचे डोळे आत गेलेले, रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर झटकन सपाट व्हायला हवी. ती तशीच घडी होऊन राहते. विषाणू चार-सहा दिवसांत आपोआप जातो. त्याला मारणारं औषध नाही. जीव जातो तो अंगातलं पाणी गेल्यामुळे. म्हणजे नर्सनं करायचं काम एकच: गेलेलं पाणी परत घालायचं. साधं पाणी टिकत नाही, मीठ आणि साखर बरोबर प्रमाणात असली तरच आतडं ते ओढून घेतं. ते प्रमाण त्या छोट्या पाकिटात भरलेलं असतं. ओआरएस. तुमच्याही कपाटात असेल.

लोकांना पाकीट आवडत नाही. लोकांना सुई आवडते, त्याहून जास्त सलाईनची बाटली. न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवणारा एक दांडगा ड्रायव्हर आमच्याकडे यायचा. एकदा तीन दिवस जुलाब थांबवायच्या गोळ्या खाऊन पोट नगाऱ्यासारखं फुगवून आला. मी त्याला चांगलंच झापलं. तो म्हणाला, "सिस्टर, पोर्टच्या गेटवर लाईनीत सहा-सहा तास गाडी उभी असते. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. गाडी सोडून मी कुठं जाऊ, सांगा?" मी पाकिटं त्याच्या हातात ठेवली.

मोठ्या माणसांत धुमाकूळ घालणारा विषाणू वेगळा, त्याला नोरो म्हणतात. तो मी आमच्याच घरच्या हळदीत पाहिला, निदान माझी तशी खात्री आहे. आम्ही खाडीकाठच्या गावातले, आगरी. हळद म्हणजे सगळं गाव जेवायला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून अर्धं गाव उलट्या करतंय, नवरदेवसुद्धा. सगळे मटणवाल्यावर घसरले. मी घरोघर फिरून विचारलं तेव्हा कळलं, मटण न खाणाऱ्या बायकाही आडव्या होत्या. सगळ्यांनी घेतलं होतं ते ताक. ते ढवळून वाटणारा पुतण्या आदल्या रात्री स्वतः दोनदा ओकला होता आणि लाजेनं कुणाला बोलला नव्हता. मी सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले. सॅनिटायझरला हा विषाणू फारसा जुमानत नाही, साबणच हवा. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मी चमच्यानं पाणी पाजत होते तर म्हणाल्या, "मना रव दे गो, त्या पोरांना पाज. मी काय, माजा झाला हाय." त्या वाचल्या. त्या आठवड्यात गावात माझी कॉलर ताठ होती.

अशा हकिकती पुष्कळ आहेत. त्या सांगून मला थांबता आलं असतं. पण ज्या हकिकतीसाठी मी हा लेख कबूल केला ती वेगळी आहे. जिची आहे तिला विचारून लिहिते आहे.

संगीता परभणीकडची. लग्न होऊन दिघ्यात आली तेव्हा वीसची असेल. नवरा दत्ता खालच्या एका कारखान्यात पोती भरायच्या कामाला, कंत्राटावर. सासू शेवंताबाई त्यांच्याजवळच राहायच्या. संगीता सातवी शिकलेली, बोलायला मऊ, सांगितलेलं तंतोतंत करणारी. तिच्या मुलीचा, ईश्वरीचा, प्रत्येक डोस मी स्वतः दिला होता. लसीच्या तारखेला ती दार उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसलेली असायची. रोटाची लस तेव्हा सरकारी यादीत आलेली नव्हती.

ईश्वरी अकरा महिन्यांची होती. थंडीचे दिवस. त्या दिवशी आमच्याकडे लसीकरणाचा वार होता, डॉक्टर रजेवर आणि माझ्या हाताखालची आयाबाईही आलेली नव्हती. दाराबाहेर चाळीसेक बायका. संगीता रांग मोडून पुढे आली, कारण पोरीनं तिच्या साडीवर उलटी केली होती.

"सकाळधरनं सहा येळा झाली सिस्टर. दूध पन ठरंना."

मी पोरीला पाहिलं. जीभ ओली होती, डोळ्यांत पाणी होतं. फार सुकलेली नव्हती. मी दोन पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या तिच्या हातात ठेवल्या. "ही पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात घाल आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहा. उलटी झाली तरी थांबवू नको. दहा मिनिटं थांबून परत पाज. अंगावरचं दूध चालू ठेव."

ती मान हलवून गेली. मी पुढच्या बाळाची मांडी पुसायला घेतली.

एरवी मी बाटली दाखवायचे. एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली माझ्या टेबलावर असायचीच. एका पाकिटाला ही अख्खी बाटली, असं मी हजार वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी म्हटलं नाही. कंटाळा होता असं नाही, राग होता असंही नाही. घाई होती. पाकिटावर सगळं छापलेलं असतं, पण ते इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. जुलाब कमी झाले होते. पोरगी मात्र किरकिर करत होती, बारीक, टोचणारं रडणं. मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली, फक्त हाताला जराशी मळलेल्या कणकेसारखी लागली. ते मला जाणवलं होतं. आजही बोटांना आठवतं.

"पाणी पिते का?" मी विचारलं.

"लई पिती सिस्टर! वाटी तोंडाला लावली की सोडंना. कशी घटाघटा पिती." संगीताच्या चेहऱ्यावर आनंद होता.

"मग झालं तर. पिते म्हणजे चांगलं. चालू ठेव." आणि मी तिला आणखी दोन पाकिटं दिली.

तिसऱ्या दिवशी पोरीला झटके आले. दत्तानं रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मला दुपारी कळलं, मी युनिफॉर्मवरच गेले. मुलांच्या वॉर्डाबाहेर तिघंही बाकावर होती. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्त तपासलं होतं. त्यांनी संगीताला विचारलं, "पावडर किती पाण्यात घालत होतात?"

संगीतानं हातानं माप दाखवलं. घरातला पाणी प्यायचा स्टीलचा पेला. एका पेल्यात एक पाकीट.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. मग शांतपणे समजावलं. पाच पेल्यांचं मीठ एका पेल्यात गेलं. पोरीचं रक्त खारट झालं. रक्त खारट झालं की ते मेंदूतलं पाणी ओढून घेतं. तहानही त्यामुळेच लागत होती. जितकं पाजलं तितकी ती वाढत होती. कातडीही म्हणूनच फसवते, ती घडी धरत नाही. हे शेवटचं त्या माझ्याकडे बघून बोलल्या, बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं, मलाही ते माहीत असणार असं धरून.

"पन सिस्टरनी सांगितलं तसंच केलं मी," संगीता म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. दत्तानं पाहिलं. शेवंताबाईंनी पाहिलं.

आणि मी म्हणाले, "मी एक लिटर म्हणाले होते, संगीता."

ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. ते इतक्या सहज आलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. संगीता माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी आठवताना पडते तशी. मग ती हळूच म्हणाली, "मग मीच ऐकलं नसंल. पोरगी रडत होती ना."

ईश्वरी त्यानंतर दोन दिवस होती.

क्रियाकर्म गावी झालं. ती माणसं महिन्याभरानं परत आली. शेजारच्या बायका मला सांगायच्या, शेवंताबाई उठता-बसता बोलतात, आईनंच मीठ पाजून मारलं. दत्ता काही बोलत नाही, पण बायकोच्या हातचा चहासुद्धा घेत नाही. संगीता दवाखान्यासमोरून जायची बंद झाली. वरच्या वाटेनं वळसा घालून पाण्याला जायची. मी तिला दोन-तीनदा लांबून पाहिलं. हाक मारली नाही. हाक मारून काय सांगणार होते?

मी काम मात्र बदललं. त्यानंतर एकाही आईला मी नुसतं पाकीट दिलं नाही. माझ्या टेबलावर तिनं स्वतः बाटलीत पाणी भरायचं, स्वतः पावडर घालायची, हलवायची आणि चाखायची. डोळ्यांतल्या पाण्याइतपत खारट लागलं तर बरोबर, त्याहून जास्त लागलं तर फेकून द्यायचं. रांग कितीही असो. बायका वैतागायच्या. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, वेळ जातो. मी ऐकलं नाही. पुढे संस्थेला ही पद्धत इतकी आवडली की त्यांच्या दुसऱ्या दवाखान्यांतल्या मुलींना शिकवायला मला पाठवलं. बेलापूरच्या एका सभागृहात शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. निवेदिकेनं विचारलं, "ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?" मी म्हणाले, "अनुभवातून." टाळ्या वाजल्या. ती शाल मी नंतर कधी अंगावर घेतलेली नाही, पण त्या दिवशी घेतली होती, हे लपवत नाही.

काही वर्षांनी रोटाची लस सरकारी यादीत आली. तोंडात द्यायची, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. थंडीतली आमची रांग पुढच्या दोन-तीन वर्षांत डोळ्यांना दिसण्याइतकी आखूड झाली. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल. जी मुलं आजारी पडत नाहीत त्यांची कुणी रांग लावत नाही.

लस आल्यावर एका सकाळी संगीता पायरीवर बसलेली दिसली. मांडीवर सहा आठवड्यांचा मुलगा, समर्थ. माझ्याशी नजर न मिळवता तिनं विचारलं, "ह्याला ती जुलाबाची लस हाय म्हनं."

"आहे." मी थेंब त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला सोडले. त्यानं मिटक्या मारल्या.

"आता ह्याला होनार न्हाई ना?"

"होऊ शकतं. पण तितकं जोराचं सहसा होत नाही. आणि दुसरेही विषाणू असतात, त्यांच्यावर ही लस चालत नाही."

तिनं मान हलवली. त्या वेळी खोलीत आम्ही दोघीच होतो. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. मी कार्डावर पुढची तारीख लिहिली आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

समर्थ दीड वर्षाचा असताना, एका दुपारी बाराच्या सुमाराला शेवंताबाई धापा टाकत दवाखान्यात आल्या. त्या आमच्याकडे कधी पाऊल टाकत नसत.

"सिस्टर, चला. लेकरू सुकाया लागलंय अन् ही त्याला पाजंना."

मी डॉक्टरांना सांगून निघाले. चढ चढताना त्यांनी सांगितलं. तीन दिवसांपूर्वी दत्ताला उलट्या सुरू झाल्या, त्याच्या बरोबर काम करणाऱ्या सगळ्यांनाच होत होत्या. मग पोराला. खाजगी डॉक्टरनं इंजेक्शन देऊन पाकिटं लिहून दिली. संगीतानं पाकिटं फडताळावर ठेवली आणि फोडूच दिली नाहीत.

घरात दत्ता कोपऱ्यात चटईवर पडला होता, शेजारी बादली. संगीता भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर समर्थ. त्याचे डोळे आत गेले होते. कातडी धरून सोडली, हळूहळू बसली. ओठांना बोट लावलं तर चोखायला लागला. म्हणजे अजून वेळ होता. या टप्प्याला चार तास नेटानं पाजलं तर मूल सावरतं.

मी बाटली काढली, पाकीट काढलं. संगीतानं पोराला छातीशी आवळून घेतलं.

"ते पानी न्हाई."

"मी मोजून करते. तुझ्यासमोर."

"न्हाई म्हनले ना! सलाईन लावा. दवाखान्यात न्या. ते पानी माझ्या लेकराच्या तोंडात न्हाई जायाचं. एकदा झालंय माझ्या हातानं."

शेवंताबाई दारातून म्हणाल्या, "बघा आता. तवा ऐकलं न्हाई, अन् आता पाजंना."

मला सोपी वाट होती. रिक्षा करून वीस मिनिटांत हॉस्पिटल गाठलं असतं, सलाईन लागलं असतं, पोरगं सुधारलं असतं. कुणाला काही सांगायची गरज पडली नसती. पण मुलाला जुलाब एकदाच होत नाहीत. पाच वर्षांचा होईपर्यंत आणखी किती वेळा होतील, आणि दर वेळी ही बाई ते पाकीट फडताळावर ठेवणार. तिला ही भीती मी दिली होती. एक मूल माझ्या विसरण्यानं गेलं होतं. दुसरं माझ्या खोट्यानं जाईल, हे मला त्या जमिनीवर बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं.

"संगीता," मी म्हणाले, "त्या दिवशी मी एक लिटर म्हणाले नव्हते."

पोराला आवळलेले तिचे हात तसेच राहिले.

"पाण्यात घाल, एवढंच म्हणाले. किती पाण्यात ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा विचारायला हवं होतं, विचारलं नाही. वर आणखी पाकिटं दिली. आणि हॉस्पिटलात मी खोटं बोलले. तुझं काही चुकलं नव्हतं. तू मी सांगितलं तेच केलंस."

दत्ता कोपरावर उठून बसला. "काय बोल्लात?"

मी सगळं पुन्हा सांगितलं, त्याच्याकडे बघून, मग शेवंताबाईंकडे बघून. शेवंताबाई दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसल्या. "अन् मी हिला चार वर्सं मिठाच्या डब्याला हात लावू दिला न्हाई," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, असंच. मग पदर तोंडात कोंबला.

संगीता रडली नाही. म्हणाली, "मला आठवत होतं."

"काय?"

"तुमी लिटर म्हनला न्हाई ते. मला समदं आठवत होतं. तुमचा शबूद न् शबूद. पर तुमी सिस्टर. तुमी म्हनता म्हंजी म्हनला असाल. मी म्हनलं, माझंच डोस्कं फिरलं असंल." मग तिनं समर्थची मान हातावर नीट घेतली. "मोजा आता. माझ्यासमोर मोजा."

मी मोजलं. तिनं बाटली हातात घेऊन पाण्याची रेघ उजेडात धरून पाहिली. स्वतः एक घोट घेतला, तोंडात ठेवला, गिळला. मग पहिला चमचा तिनं पाजला. समर्थनं तो ओकून टाकला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दहा मिन्टं थांबायचं ना?" "हो." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दहा मिनिटं काढली आणि परत सुरुवात केली. मिनिटाला एक चमचा. मी मधूनमधून दत्ताला पाजत होते. शेवंताबाई बादली धूत होत्या. साडेचारच्या आसपास समर्थनं तिच्या मांडीवर लघवी केली, भरपूर. आमच्या कामात याहून मोठी खूण नाही. एरवी मी आईला टाळी दिली असती.

"जावा आता," संगीता म्हणाली.

त्याच आठवड्यात मी सगळं लिहून संस्थेच्या डॉक्टरांकडे दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "सिस्टर, तुमच्या निवृत्तीला वर्षही राहिलेलं नाही. आता कशाला?" मी कागद परत घेतला नाही. तो कुठल्याशा फाईलला लागला असेल. मला कुणी काही विचारलं नाही, शिक्षा झाली नाही, निरोपसमारंभही झाला. संगीता पुन्हा माझ्याकडे आली नाही. समर्थला ती दुसरीकडे नेते, आता तो शाळेत जातो. हा लेख लिहू का, असं विचारायला मी फोन केला तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिवा. पर मी माफ केलं असं लिवू नका." तसं लिहीत नाही.

एकच गोष्ट सांगायची राहिली. त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराला बघायला गेले. तो भिंतीला धरून उभा होता, हातात बिस्किट. संगीता माझी वाटच बघत असावी. तिनं मला बसा म्हटलं नाही. फोन काढला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्यापुढे धरला. "माझी आई हाय. गावाकडं. तिला सांगा. तिला पन समद्यांनी बोल लावलेत, पोरीला काय शिकवलं न्हाई म्हनून."

पलीकडून म्हातारा, खेड्यातला आवाज आला. "कोन?"

मी नाव सांगितलं. मग तिसऱ्यांदा तेच सगळं सांगितलं, दवाखाना, पाकीट, पेला, हॉस्पिटल, खोटं. यावेळी समोर चेहरा नव्हता म्हणून जास्त अवघड गेलं. माझं बोलून झालं तरी पलीकडून काही येईना. लांब कुठेतरी कोंबडी ओरडत होती. फोन कट झाला की काय म्हणून मी संगीताकडे पाहिलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं.

मग तो आवाज म्हणाला, "संगी जेवली का काल?"

मी संगीताकडे पाहिलं. तिचे ओठ सुकलेले होते. ती चार दिवस पोराची आणि नवऱ्याची उस्तवार करत होती, आणि तिनं स्वतः काय खाल्लं हे मी विचारलंच नव्हतं.

"नाही वाटतं," मी म्हणाले.

"मग तिला जेवू घाला आधी," म्हातारी म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.